नॉर्मल दिसणं आणि नॉर्मली दिसणं

“मला वाटलं, माझंच चुकलं असणार.”

फोनवर ती एवढंच म्हणाली आणि लगेच प्रूफमधल्या पुढच्या आकृतीकडे वळली. आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी इतरांच्या शोधनिबंधांचं इंग्रजी तपासून देते, आणि हे काम करायला लागून आता बरीच वर्षं झाली. तिचा निबंध जखमा भरून येण्याबद्दलचा होता. निष्कर्षांच्या भागात तिनं लिहिलं होतं, ‘द टिश्यू अपिअर्ड नॉर्मल ऑन डे सेव्हन.’ मी ‘नॉर्मल’ला ‘ली’ जोडला. केलेला प्रत्येक बदल वेगळा दाखवणारं ट्रॅक चेंजेस चालू होतं. नव्या दोन अक्षरांखाली लाल रेघ उमटली आणि मी खालच्या ओळीवर गेले. तिथे थांबल्याचं, दोनदा वाचल्याचं काही आठवत नाही. तिनं माझे सगळे बदल एका क्लिकमध्ये स्वीकारले. पुढे प्रूफ आलं तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी त्या ओळीपाशी बोट ठेवून विचारलं, की सातव्या दिवशी ऊती निरोगी दिसत होती असं म्हणायचंय, की ती नेहमीच्या क्रमानं तयार झाली असं? जखमेत नवी ऊती खरोखरच तयार होत असते, त्यामुळे दुसरा अर्थही वाचणाऱ्याला सहज पटला असता. तिनं पाहिलं होतं पहिलं. मी लिहून ठेवलं होतं दुसरं.

चूक छापली गेली नाही, ‘ली’ वेळेत निघाला. पण तिचं ते वाक्य काही माझ्या डोक्यातून निघेना. तिनं मुळात बरोबर लिहिलं होतं. ते वाचताना तिला खटकलंही नव्हतं. खटकली ती माझी दुरुस्ती, आणि खटकूनही तिनं ती मान्य केली, कारण लाल रेघ माझी होती.

‘अपिअर’ या क्रियापदाचे दोन संसार आहेत. एकात ते ‘दिसणं, भासणं’ असतं आणि दुसऱ्यात ‘प्रकट होणं’. पुरळ ‘सडनली’ अपिअर होतं, म्हणजे अचानक उठतं. तिथे शब्द उठण्याच्या क्रियेबद्दल बोलतो. ऊती ‘नॉर्मल’ अपिअर होते, तेव्हा शब्द दिसण्याबद्दल काहीच सांगत नाही, तो ऊतीबद्दल सांगतो. क्रियापद नुसतं मधला पूल असतं. ‘सीम’, ‘रिमेन’, ‘बिकम’, ‘प्रूव्ह’, ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’ ही सगळी याच घरातली. तापमान ‘कॉन्स्टंट’ रिमेन होतं, पद्धत ‘यूजफुल’ प्रूव्ह होते, द्रावणाचा वास ‘स्ट्राँग’ येतो. ओळखायची एक जुनी खूण आहे. त्या क्रियापदाच्या जागी ‘वॉज’ ठेवून बघायचं. ‘द टिश्यू वॉज नॉर्मल’ म्हटल्यावर वाक्य उभं राहतं आणि सांगायचं तेच सांगतं, म्हणजे विशेषण हवं. ‘रॅश वॉज सडन’ म्हटलं की पुरळ उठलं कसं हे हरवतं, म्हणजे क्रियाविशेषण हवं. मी ही खूण कितीतरी जणांना शिकवली आहे.

आणि गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही, की मराठीत विचार केला असता तर मला खुणेचीही गरज पडली नसती. भिंत काळी दिसते. आकाश काळं दिसतं. ढग काळे दिसतात. क्रियापद तेच, पण ‘काळा’ प्रत्येक वेळी आपल्या नामाचं लिंग, वचन अंगावर घेऊन उभा राहतो. काळेपणा भिंतीचा आहे, दिसण्याचा नाही, हे आपल्या भाषेनं शेवटच्या अक्षरातच सांगून ठेवलेलं आहे. भिंत पांढरी रंगवली, नमुने कोरडे ठेवले, हेही तसंच. कान हे सगळं लहानपणापासून ऐकत आलेला असतो. इंग्रजी वाक्यावर हात पडला, की कान मागे राहतो आणि पाठ केलेलं पुढे येतं.

पाठ केलेलं म्हणजे शाळेतली ती व्याख्या. शब्दांच्या आठ जाती फळ्यावर, त्यातल्या चार विकारी आणि चार अविकारी, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतोय: नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. खडूची पूड, बाकाच्या कडेवर कुणीतरी कोरलेलं नाव, ‘क्रियाविशेषण’ लिहिताना ‘क्रि’चा पहिला की दुसरा ही धास्ती. त्या तालावर म्हटलेलं मला आजही जसंच्या तसं म्हणता येतं, आणि माझा संशय असा, की माझी चूक तिथेच रुजली. कारण व्याख्येतून डोक्यात उरते ती एक जोडी: नाम दिसलं की विशेषण, क्रियापद दिसलं की क्रियाविशेषण. ‘अपिअर्ड’ हे क्रियापद, त्याच्या लगेच पुढे शब्द, म्हणून लाव ‘ली’. हात तेवढंच बघतो.

याच जोडीतून उलटी चूकही निघते, आणि ती तर माझ्या टेबलावर रोज येते. ‘द लेव्हल्स वेअर सिग्निफिकंट हायर.’ इथे ‘हायर’ हे विशेषण आहे आणि ‘सिग्निफिकंट’ त्या विशेषणाबद्दल बोलतो: किती जास्त? लक्षणीय जास्त. म्हणून ‘सिग्निफिकंटली हायर’. ‘रिलेटिव्हली स्मॉल’, ‘फ्रेशली प्रिपेअर्ड’, ‘न्यूली डायग्नोज्ड’ हे सगळे असेच. इंग्रजीतलं क्रियाविशेषण क्रियापदाला जितकं चिकटतं, तितकंच विशेषणाला, दुसऱ्या क्रियाविशेषणाला, कधी सबंध वाक्यालाही चिकटतं. पण नावातच ‘क्रिया’ असल्यामुळे आपण क्रिया शोधत बसतो, ती जवळपास सापडत नाही, आणि शब्द विशेषणाच्या रूपातच राहून जातो. ‘ॲडव्हर्ब’ या नावातही ‘व्हर्ब’ दडलेलं आहेच, तेव्हा फसगत फक्त आपल्या वाट्याला येत नसावी. एकीकडे नको तिथे ‘ली’, दुसरीकडे हवा तिथे नाही. दोन्ही चुकांची आई एकच.

‘सिग्निफिकंट हायर’ लिहिणाऱ्याला मी मनातून कधीच दोष देऊ शकले नाही. मराठीत ‘लक्षणीय वाढ’ म्हणतात आणि ‘लक्षणीय जास्त’ही म्हणतात, शब्द तोच राहतो. सरळ रस्ता, सरळ जा. स्पष्ट उच्चार, स्पष्ट बोल. जलद गती, जलद चाल. ‘स्पष्टपणे’, ‘लक्षणीयरीत्या’ ही रूपं आहेत, पण ती कागदावर जास्त भेटतात, बोलण्यात कमी. आणखी पुढे जाऊन आपण ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला गातो’ असंही म्हणतो, म्हणजे चांगलं आहे गाणं, पण शब्द जुळतो गाणाऱ्याशी. इथे मघाची भिंतीची युक्ती चालत नाही, ‘वॉज’ची मात्र चालते: ‘ती चांगली आहे’ हे ‘ती चांगली गाते’पेक्षा वेगळंच विधान झालं, म्हणून इंग्रजीत तिथे ‘वेल’ येणार, ‘गुड’ नाही. जर्मन भाषेतही बहुतेक शब्द दोन्ही कामं एकाच रूपात करतात. ‘श्नेल’ म्हणजे वेगवान आणि ‘श्नेल’ म्हणजेच वेगानं. त्या भाषेतून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या निबंधांत मला अगदी आपल्यासारख्याच जागी ‘ली’ गळलेला दिसतो. तो दिसला की एक प्रकारची जवळीक वाटते.

शिवाय ज्याला आज मी लाल रेघ मारते, ते कधीकाळी इंग्रजीचंच होतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये सैतान येशूला ‘ॲन एक्सीडिंग हाय माउंटन’वर घेऊन जातो. ‘एक्सीडिंगली’ नाही, ‘एक्सीडिंग’. व्याकरणाच्या सांगाड्यात ते आणि ‘सिग्निफिकंट हायर’ यांत फारसं अंतर नाही. जुन्या इंग्रजीत पुष्कळ विशेषणांना शेवटी एक ‘ए’ लावला, की क्रियाविशेषण तयार व्हायचं. पुढे तो शेवटचा स्वर उच्चारातून झिजला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ आजही दोन्हीकडे तसेच वापरले जातात, ते त्या झिजलेल्या स्वराचे वंशज. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात विशेषणं क्रियाविशेषणासारखी वापरण्याला नापसंती दाखवली, आणि अशा व्याकरणांच्या धाकानं ‘ली’ची शिस्त हळूहळू पक्की होत गेली. म्हणजे मी ज्या नियमाची राखण करते तो काही आकाशातून पडलेला नाही. तरी मी राखण करते. शोधनिबंध वाचणारा माणूस दमलेला असतो, इंग्रजी त्याचीही आपली भाषा असेलच असं नाही, आणि शब्द कुणाला धरून आहे हे त्याला रूपावरूनच कळावं लागतं.

‘ली’ हा प्रत्यय ज्या शब्दातून आला, तो जुन्या इंग्रजीतला ‘लीच’, त्याचा अर्थ शरीर. त्याच मुळातून ‘लाइक’, सारखा, हाही शब्द निघाला. फ्रेंचमधला ‘माँ’ हा प्रत्यय लॅटिनमधल्या मनाच्या शब्दातून आलेला. आपला ‘रीत्या’ हा संस्कृत ‘रीति’ची तृतीया, रीतीनं. एकानं देह घेतला, एकानं मन, एकानं वाट. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बराच वेळ नुसती बसले होते.

पण माझा जीव अडकतो तो रूपाच्या प्रश्नात नाही. ‘सिग्निफिकंट हायर’ छापलं गेलं तरी वाचणाऱ्याला अर्थ कळतो. तो फार तर नाक मुरडेल. खरी भीती वाटते ती दोन्ही रूपं व्याकरणात बसतात आणि अर्थ मात्र बदलतो अशा ठिकाणी. ‘प्रीव्हियसली अनट्रीटेड पेशंट्स’ म्हणजे ज्यांच्यावर यापूर्वी उपचार झालेले नाहीत असे रुग्ण. ‘प्रीव्हियस अनट्रीटेड पेशंट्स’ म्हणजे आधीचे, उपचार न झालेले रुग्ण. कदाचित आधीच्या अभ्यासातले, कदाचित मागच्या तुकडीतले. दोन अक्षरं गळाली आणि अभ्यासात कोण होतं हेच बदललं. कुठलाही स्पेलचेकर इथे हाक मारत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नसतं.

आढावा घेणाऱ्या निबंधांत एक वाक्य हमखास असतं. कुणी लिहितं ‘टू इंडिपेंडंट रिव्ह्यूअर्स स्क्रीन्ड द रेकॉर्ड्स’, कुणी लिहितं ‘टू रिव्ह्यूअर्स इंडिपेंडंटली स्क्रीन्ड द रेकॉर्ड्स’. पहिल्यात स्वातंत्र्य माणसांचं आहे: ते कुणाशी बांधलेले नाहीत. दुसऱ्यात स्वातंत्र्य कामाचं आहे: एकानं काय निवडलं हे न बघता दुसऱ्यानं निवडलं. एकाच खोलीत बसणारे, एकाच मार्गदर्शकाचे दोन विद्यार्थी दुसऱ्या अर्थानं स्वतंत्र असू शकतात, पहिल्या अर्थानं त्यांना स्वतंत्र म्हणणं कठीण. आढावा-निबंधात काय काय नोंदवायचं हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या यादीत जे विचारलं आहे, ते त्यांनी काम स्वतंत्रपणे केलं का, हे. म्हणून असं वाक्य आलं की मी ते बदलत नाही, लेखकाला विचारते: नेमकं काय झालं होतं? एकदा एका लेखकानं बराच वेळ उत्तर दिलं नाही, आणि मग कळवलं, की खरं तर दोघांनी यादी वाटून घेतली होती. तिथे दोन्ही शब्द काढावे लागले.

‘रँडमली’चंही तसंच. ‘पार्टिसिपंट्स वेअर रँडमली सिलेक्टेड’ हे वाक्य बोटांना इतकं सवयीचं झालेलं असतं, की लिहिणाऱ्याला आपण कसली ग्वाही देतोय याची जाणीव राहत नाही. त्या दिवशी जे हजर होते त्यांना घेतलं, म्हणजे रँडमली घेतलं असं होत नाही. निवड रँडमली झाली म्हणताना यादी होती, क्रमांक होते, ते काढायची ठरलेली पद्धत होती, असं म्हटलं जातं. उपचारांच्या यादृच्छिक चाचण्यांबद्दल कसं लिहावं हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट नियमावलीत तर यादृच्छिक क्रम कसा तयार केला हे लेखी सांगावं लागतं. ‘केअरफुली’, ‘ॲक्युरेटली’, ‘कन्सिस्टंटली’ हे सगळे माझ्या लेखी साक्षीदार आहेत. काम कसं केलं ते ते सांगतात, आणि त्यांना उलटतपासणीला उभं करायचा वाचकाला हक्क आहे.

बाकी लहानसहान गोष्टी सरावानं येतात. ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘टाइमली’ यांच्या शेवटी ‘ली’ असला तरी ती विशेषणं आहेत. ‘पब्लिक’चं ‘पब्लिकली’ होतं, ‘सिस्टिमॅटिक’चं मात्र ‘सिस्टिमॅटिकली’ लिहिताना मध्ये ‘एएल’ घालावा लागतो. ‘रॅपिडली ग्रोइंग’ला हायफन नको, ‘स्लो-ग्रोइंग’ला हवं. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, त्यामुळे आभाराच्या परिच्छेदात सहकाऱ्यांबद्दल ‘वर्क्ड हार्डली’ लिहिलेलं दिसलं की मी पुढचं काही वाचायच्या आधी ते दुरुस्त करते. मनापासून मानलेल्या आभारांचा असा उलटा अर्थ व्हावा, हे मला सहन होत नाही.

एक गोष्ट मात्र सरावानं येत नाही, तिच्याशी मी अजून झगडते. शोधनिबंधाची भाषा क्रियापदांची नामं करत जाते. ‘तापमान वेगानं वाढलं’चं ‘तापमानात वेगवान वाढ आढळली’ होतं. ‘आम्ही नमुने बारकाईनं तपासले’चं ‘नमुन्यांची बारकाईची तपासणी करण्यात आली’ होतं. क्रियापदाचं नाम झालं, की त्याच्या सोबतच्या क्रियाविशेषणाला विशेषण व्हावं लागतं: ‘इन्क्रीज्ड रॅपिडली’चं ‘अ रॅपिड इन्क्रीज’. संभाषणात क्रियाविशेषणं जास्त आणि शोधनिबंधात विशेषणं जास्त, यामागे हेही एक कारण आहे. या बदलात सोय आहे, ते मी नाकारत नाही. ‘ही वेगवान वाढ’ म्हणून पुढच्या वाक्यात तिच्यावर बोट ठेवता येतं. पण ‘केअरफुली’चं ‘केअरफुल’ झालं, की काळजी घेणारा माणूस वाक्यातून उठून जातो आणि काळजी तपासणीच्या अंगाला चिकटून राहते, जणू ती वस्तूचाच गुण. मला दोन्हीपैकी पहिलं वाक्य जास्त प्रामाणिक वाटतं. जिथे लेखकाला पटतं तिथे मी नाम मोडून पुन्हा क्रियापद करते आणि विशेषणाला त्याचं ‘ली’ परत देते. सगळ्यांना पटत नाही. मग मी आग्रह सोडते, पण रुखरुख राहते.

त्या फोननंतर काही दिवस मी प्रत्येक ‘ली’पाशी अडखळत होते. कामाचा वेग निम्म्यावर आला. ‘फेल्ट’, ‘लुक्ड’, ‘प्रूव्ह्ड’ दिसलं की हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे, वाक्य मोठ्यानं वाचायचं, मग मराठीत म्हणायचं. भिंत काळी दिसते. मग पुढे जायचं. जिथे अर्थ दोन्हीकडे जाऊ शकतो तिथे मी आता मजकुराला हात लावत नाही. समासात टिप्पणी टाकते, ‘हा शब्द कशाबद्दल आहे?’ बस, तेवढंच. उत्तरं यायला वेळ लागतो, काहींना ते आवडतही नाही. तपासून द्या म्हटलं, प्रश्न विचारा असं कुठे म्हटलं होतं, असं एकानं सरळ लिहिलं. त्यांचंही चूक नव्हतं.

गेल्या महिन्यात तिचा नवा निबंध आला. पहिल्याच पानावर ‘सिग्निफिकंट लार्जर’ होतं. मी समासात विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं, “लार्जरबद्दल, मॅडम. ली मीच लावते.” पुढे पद्धतीच्या भागात ‘द सॅम्पल्स वेअर स्टोअर्ड फ्रोझन’ असं वाक्य होतं. ते बरोबर आहे हे मला माहीत होतं, तरी मी तिथेही तोच प्रश्न टाकला. ती काय करते ते मला बघायचं होतं, आणि थोडी धाकधूकही होती.

या वेळी उत्तर यायला दोन दिवस लागले. “नमुन्यांबद्दल,” तिनं लिहिलं होतं, “नमुने गोठलेले होते. मी पुन्हा वाचून बघितलं. इथे काही बदलू नका.”

मी तसंच ठेवलं.